बॉनेटची तार

लिव्हर ओढला तसा तो नुसताच लुळा पुढे आला. अवधूतरावांनी पुन्हा ओढून पाहिला. बॉनेट जागचं हललं नाही.

"तार तुटली," ते म्हणाले.

चंद्रावती जिन्याच्या पायरीवर उभी होती. "मग उद्याचं काय?"

"उद्या जायचंच. पेणला सगळ्यांना सांगून ठेवलंय, स्वतःच्या गाडीने येतो म्हणून."

पेणला धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गाडी जुनी, पावसाळाभर इमारतीखाली भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि बॅटरी पार बसली होती. नवी बॅटरी त्यांनी आणून ठेवली होती. पण ती बसवायची तर बॉनेट उघडायला हवं. नवीन पनवेलातल्या गॅरेजवाल्याने सोमवारचा वायदा केला. अवधूतरावांनी त्याच्याकडून नवी तार तेवढी घेतली आणि घरी येऊन बाह्या सारल्या.

"तू वर जा. हे तुझं काम नाही."

"बसते इथेच. काही लागलं तर देते."

त्यांना जरा नवल वाटलं. पावसाळा लागल्यापासून रोज दुपारी ती सुकापूरला भजनाच्या वर्गाला जायची. एक दिवस चुकवला नव्हता.

"आज भजन नाही?"

"वर्ग संपला."

त्यांनी समोरच्या जाळीचे स्क्रू काढले. गुडघे दुखत होते, तरी ते फरशीवर मांडी घालून बसले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर. आत कुलपाची कडी दिसत होती, पण स्क्रूड्रायव्हर लागला की सटकत होता. एकदा सटकला तो बोटाची साल काढूनच.

"राहू द्या का?" चंद्रावतीने विचारलं.

"हातात घेतलेलं मी सोडत नाही. माहीत आहे तुला."

तिला माहीत होतं. सोडायचं नाही आणि बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी न्हावा शेवाच्या बंदरातली सगळी नोकरी काढली होती. मुलीच्या बाबतीतही तेच. प्रांजलने स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवशी ते म्हणाले होते, या घरातलं कुणी तिचा उंबरा चढणार नाही.  चंद्रावतीने तेव्हा आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले होते. नंतर घरात ते नाव निघालं नाही.

कडी सरकली. खट् झालं आणि बॉनेट बोटभर वर आलं.

"बघ," अवधूतराव म्हणाले.

"बघितलं. वाटेत तार पुन्हा तुटली तर असंच उघडायचं?"

"असंच."

ती वाकून नीट बघत राहिली. मग त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने कडी एकदा स्वतः सरकवून पाहिली. त्यांना हसू आलं.

तिचा मोबाइल वाजला. ती खांबापाशी गेली. "हो... बरं... दोघी बऱ्या आहेत ना?" एवढंच तिचं ऐकू आलं.

"कोण गं?"

"ओळखीच्या आहेत. हॉस्पिटलात होत्या."

लिव्हरपाशी तुटलेल्या जुन्या तारेच्या पुढच्या टोकाला नवी तार बांधली, म्हणजे जुनी ओढताना नवी आपोआप तिच्या वाटेने आत जाते. पण त्याला दोन माणसं लागतात. चंद्रावती आत ड्रायव्हरच्या जागी बसली. ते पुढून तार सोडत होते.

"हळू. ओढ. थांब... आता ओढ."

ती सांगितल्याबरहुकूम ओढत होती. घाई नाही, झटका नाही. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून असं एखादं काम कधी केलं होतं, त्यांना आठवेना. त्यांना बरं वाटत होतं.

"आली," ती आतून म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "घाट चढेल का हो ही?"

"पेणच्या वाटेत कुठला घाट?"

"तरी पण."

"चढेल. इंजिनाला काही झालेलं नाही."

त्यांनी तार कडीत अडकवली, ताण बसवला, आधी बॉनेट उघडं ठेवूनच लिव्हर ओढायला सांगून पाहिलं. कडी बरोबर सरकली. मग जुनी बॅटरी उचलून बाजूला ठेवली, नवी बसवली, दोन्ही टोकं आवळली. बॉनेट वर असल्याने पलीकडची चंद्रावती दिसत नव्हती. मध्येच ती जिना चढून गेली, परत आली. मागचं दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज झाला.

"काय आणलंस?"

"फडकी."

जाळीचा शेवटचा स्क्रू पिळून ते उठले. पाठ ताठ करायला वेळ लागला. पण झालं होतं, आणि त्यांच्या हातांनी झालं होतं.

"चंद्रा, किल्ली फिरव. आधी मधला गिअरचा दांडा सैल हलतोय का बघ, नाहीतर गाडी उडी मारेल."

"हलतोय."

इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. आवाज एकसारखा येऊ लागला. अवधूतरावांनी तो मान तिरकी करून ऐकला, मग दोन्ही हातांनी बॉनेट खाली आणून दाबलं.

काचेपलीकडे चंद्रावतीने चष्मा लावला होता, पट्टा बांधला होता. मागच्या सीटवर बॅग होती, पितळी डबा होता, आणि वर धुऊन मऊ झालेल्या जुन्या साड्यांच्या दुपट्यांची चळत. तिने आरशात पाहिलं आणि दोन खांबांच्या मधून गाडी सरळ मागे घेतली, कुठेही न घासता, रोज दुपारी सराव केल्यासारखी. फाटकाकडे वळवून थांबली. ते धावत जवळ गेले तेव्हा तिने काच खाली केली.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "घाट चढून बारशाला या. प्रांजलने तुम्हालाही बोलावलंय."