पहिल्या पानावरची ओळ

तुम्हा प्रकाशकांना खरं पाहिजे असतं, पण ते खरं आहे असं छापायची छाती तुमच्यात नसते. महेंद्रनं रांजणगावच्या कंपनीत पाळ्या करत पुस्तक लिहिलं. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली कुणाकुणाची बोटं गेली, ते नावागावासकट. तुम्ही म्हणालात, "कंपनी कोर्टात खेचेल. पहिल्या पानावर एक ओळ टाकू, तरच छापतो." दारोदार नकार पचवून आलेला महेंद्र काय करणार? त्यानं होकार दिला.

पुस्तक हातात पडलं तसा तो शिरूरला बन्सीमामांकडं गेला. मामांची बोटं त्याच कंपनीतल्या प्रेसनं तोडली होती आणि असा अपघात आमच्याकडं झालाच नाही, असं कंपनी म्हणत होती.

"आता बघू कशी न्हाई म्हणत्यात!" मामा हरखले. लेकीला म्हणाले, "तेजश्री, वाच गं. पार पहिल्यापासनं."

"मधलं वाच, मामांचं प्रकरण," महेंद्र घाईनं म्हणाला.

"न्हाई. पहिल्यापासनंच."

तेजश्रीनं वाचलं, "या पुस्तकातील सर्व व्यक्ती आणि घटना काल्पनिक आहेत."

"म्हंजी?"

"म्हंजी झालेल्या न्हाईत, आप्पा. मनानं रचलेल्या."

मामांनी उघड्या पानावर उजवा पंजा ठेवला. अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलेला.

"कंपनी म्हणली, झालंच न्हाई. आता तूबी छापून तेच सांगतुयास. मग ही मधली बोटं कुठं गेली रं, महेंद्रा?"