वैतरणी

"बाई गेल्या. एवढा उशीर का केला?" कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आकारामनं बायकोच्या उशाशी उभ्या असलेल्या सुनेकडं, क्रांतीकडं, बोट दाखवलं. "हिनं सांगितलंच न्हाई." क्रांती सुतकातच मेढ्याला माहेरी निघून गेली.

नवव्या दिवशी, घरी बुवा वाचत असलेल्या पोथीत वैतरणी आली. मेलेल्यानं गाईचं शेपूट धरून ती नदी पार करायची, असं बुवांनी वाचलं.

"आवं बुवा, माझ्या मनुसाठी गोठ्यातली चांगली गाय दान देतो," आकाराम म्हणाला.

"मनुबाई कवाच पल्याड गेली, गड्या. ही नदी मागं राहिलेल्याच्या आत असती. मधी तूच अडकलाईस."

"मग मी कुणाचं शेपूट धरू?"

"खऱ्याचं. गाय देण्यापरास अवघड हाय, एवढंच."

आकारामनं भरल्या घरात मान खाली घातली. "क्रांतीनं मला दोनदा सांगितलं हुतं. ऊस तुटू दे, मग दवाखान्यात जाऊ, असं मीच म्हणलो."

 आकारामला नऊ दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली. तो पोटभर जेवला.

मेढ्याला जाऊन क्रांतीची माफी मागायची अजून राहिली आहे.