रिकाम्या खोलीतला आवाज

नवऱ्याचं दुकान बुडालं आणि कर्ज डोईजड झालं, तेव्हा दोघांनी बसून एकदाचं ठरवलं. आधी तिचं शिलाई मशीन विकायचं, मग स्कूटर. उरलेलं फेडायला त्याने लांबची नोकरी धरायची.

मशीन गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजी चिरत होती, तेवढ्यात शिवणाच्या खोलीतून खडखड ऐकू आली. तिने धावत जाऊन दार उघडलं. फरशीवर मशीनच्या पायांचे डाग होते, बाकी खोली रिकामी. खडखड मात्र चालूच होती.

संध्याकाळी मशीन घेणारीचा फोन आला. "ताई, शिवतंय झकास. पण आवाज म्हणून नाही हो! मुकंच झालंय जणू."

रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"तुझे कान वाजतायत," नवरा हसला. पण स्कूटर विकली त्या रात्री त्याच खोलीत किक बसली, इंजिन फुरफुरलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

आठवड्याने तो घाईघाईने घरी आला. हातात सही केलेला कागद, चेहरा नुसता फुललेला.

"काय झालं? मिळाली का नोकरी?" तिने विचारलं.

तो तिच्यासमोर उभा राहून भराभर बोलू लागला. ओठ हलत होते, हातवारे चालले होते, पण शब्द एकही फुटत नव्हता.

तेवढ्यात शिवणाच्या खोलीतून, बंद दाराआडून, त्याचा हर्षभरित आवाज आला, "अगं, सुटलो! पाच वर्षांच्या नोकरीचे पैसे आगाऊ मिळाले!"