पिवळी टिकली

"आजपासून फडकं बंद, मावशी. हा अतिनील दिवा वीस मिनिटांत सगळे जंतू मारतो." मॅनेजरसाहेबांनी हॉस्पिटलच्या रिकाम्या खोलीचं दार उघडलं. दिवा नुकताच विझला होता. टेबलावर चिकटवलेली तपासणीची पिवळी टिकली गुलाबी झाली होती, म्हणजे दिव्याचा उजेड तिथं पोचला होता. "करा सही, खोली स्वच्छ म्हणून. बाहेर पेशंट ताटकळलाय."

"मी नाही करणार," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या.

"उगाच अडून बसू नका. नोकरी जाईल."

"जाऊ दे. टेबलावर काय, उजेड पडणारच. एक टिकली मीही लावली होती, खाटेच्या दांड्याला, खालच्या बाजूनं. उठताना पेशंट तिथंच धरतो. बघा."

साहेब वैतागून वाकले. दांड्याखाली बोटं घालून त्यांनी टिकली खरवडून काढली. ती पिवळीधमक होती.

"एवढ्यानं काही होत नाही," असं म्हणत ते उठले आणि तडक बेसिनकडे जाऊन त्यांनी नळ सोडला.

मावशींनी पुढे होऊन नळ बंद केला.

"खोली स्वच्छ आहे ना, साहेब? मग हात कशाला धुताय?"