दिवसभराची नोंद

"पुसायची म्हणजे पुसायची," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "वाचनालय बंद झालं की दिवसभराची नोंद साफ."

वायफाय बसवायला आलेल्या मुलीला नवल वाटलं. बाकी सगळं तिनं चोख केलं होतं. पासवर्ड झाला, यंत्र कुलपात गेलं, एकाचा फोन दुसऱ्याला दिसणार नाही अशी सोयही झाली. पण कुणी कोणती साइट पाहिली याची नोंद तर सगळीकडेच ठेवतात. एवढा हट्ट कशासाठी? तिनं दोनदा विचारलं. बाई पुस्तकं लावत राहिल्या. मग मुलीनंही मान डोलावली आणि आपोआप पुसण्याची सोय गुपचूप बंदच ठेवली. निवृत्तीला आलेल्या बाईंना कुठलं कळायला!

दुसऱ्या दिवशी तपासणीला आल्यावर राहवेना, म्हणून तिनं कालची यादी उघडली. दुपारभर एकच फोन जोडलेला होता. त्यावर पाहिलेल्या साइट दोनच. एक बसच्या वेळापत्रकाची. दुसरी परगावच्या महिला निवारागृहाची.

कोण असेल ही, असा विचार करतेय तोच एक गृहस्थ टेबलापाशी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळे जागरणानं लाल.

"माझी बायको काल दुपारी इथं बसली होती. अजून घरी आली नाही. जिवाला घोर लागलाय हो. तिनं नेटवर काय पाहिलं, तेवढं सांगता?"

"हिला विचारा," बाई म्हणाल्या.

मुलीला त्यांची दया आली. "पोलिसांत कळवलंत का?"

"छे! घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

मुलीचं बोट यादीवरच थांबलं. तिनं लॅपटॉप हळूच आपल्याकडे वळवला.

"आमच्याकडे नोंद राहतच नाही."

गृहस्थ थोडा वेळ तिच्याकडे रोखून बघत राहिले आणि निघून गेले. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मुलीनं लॅपटॉप पुन्हा सरळ केला. यादी पुसली. बंद ठेवलेली सोय चालू केली.

"बाई, मी काल तुमचं ऐकलं नव्हतं," ती खाली मान घालून म्हणाली. "पण असं कुणी येईल, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"खूप वर्षांपूर्वी मी इथली नुसती वाचक होते," बाई म्हणाल्या. "माझा नवरा असाच काळजी करत आला. आणि तेव्हाच्या ग्रंथपालांनी सभासदांची वही उघडून त्याला माझा नवा पत्ता वाचून दाखवला."