जबाबदार व्यक्ती

नवा प्रोग्राम तिसऱ्यांदा कोसळला, तेव्हा रक्तपेढीतली तंत्रज्ञ खुर्चीत मागे रेलली.

"मॅडम, फोनवर तुम्ही सहा मिनिटं म्हणाला होतात. पाऊण तास झाला. संध्याकाळी ऑपरेशन आहे, त्या बाईंचा गट हजारात एकाचा. रक्त तपासायलाही वेळ लागतो. दुपारी दाता इथे हवा."

राग कुणावर काढायचा ते प्रोग्रामरला ठाऊक होतं.

सगळे रक्तदाते एका अगडबंब एक्सएमएल फाइलमध्ये एकाखाली एक नोंदलेले होते. आज कुणाला बोलावता येईल याची यादी त्यातून रोज निघायची. जुन्या प्रोग्रामला तीन तास लागत. तो लिहिणाऱ्याला ऑफिसात कासव म्हणत. एकेका दात्याचं मागचं रक्तदान शोधायला त्याचा प्रोग्राम दर वेळी फाइल पहिल्या ओळीपासून वाचायचा. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची केली असती, तर झटक्यात सापडलं असतं. ती सूची तिने केली. खरी फाइल या खोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. तिच्या टेबलावर, खोट्या नावांच्या तेवढ्याच मोठ्या फाइलवर, काम सहा मिनिटांत उरकलं होतं.

कासवाला गेल्या महिन्यात घरी बसवून चौकशी लावली होती. अहवाल तिच्याकडे होता. 'दिरंगाईस जबाबदार व्यक्ती' या रकान्यात तिने कालच त्याचं नाव लिहिलं होतं. साहेबांनी बजावलं होतं, "अकरा वर्षं हा माणूस आपल्या उरावर बसला. नाव स्पष्ट लिहा. खाडाखोड नको."

तिने कासवाला फोन लावला. "जाता जाता रक्तपेढीतल्या मशीनचं काय करून ठेवलंत?"

"काही नाही. का?"

तो शांत आवाज ऐकून ती आणखीच भडकली. "अकरा वर्षांत एक सूची करता आली नाही तुम्हाला?"

"केली होती की. पहिल्याच वर्षी. मग मीच काढली. सूची ठेवायची तर सगळा पसारा मेमरीत धरावा लागतो. टेबलाखाली वाकून बघा, बाई. घोटभर मेमरी आहे त्याला. म्हणून थोडं वाचायचं, टाकून द्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. वेळ जातो, पण पडत नाही. मी सहाला येऊन लावायचो, नऊला यादी तयार."

ती वाकली. ते मशीन ती आज पहिल्यांदाच बघत होती. तिच्या हातातल्या फोनची मेमरी त्याच्या चौपट होती.

"मग साहेबांना सांगायचं होतंत."

"खालचा खण उघडा. पण आधी माझा प्रोग्राम लावा, पावणेदहा झालेत. बाकी सगळं बंद ठेवा. पाऊणला यादी मिळेल."

पाऊणला यादी मिळाली. दीडला एक माणूस बाही सारून खुर्चीत बसला होता. तंत्रज्ञाने प्रोग्रामरपुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "घ्या, ससेबाई."

तिने खालचा खण उघडला. आत मशीनची मेमरी वाढवून मिळावी म्हणून केलेले अर्ज होते, सुवाच्य अक्षरात, दर वर्षी एक. अकराही अर्जांवर एकच शेरा होता, 'अनावश्यक'. त्याखालची सहीही एकाच हाताची.

तिने पिशवीतला अहवाल काढला आणि आडवा-उभा फाडला. कोरा फॉर्म घेतला. अकरा अर्ज त्याला जोडले. मग 'दिरंगाईस जबाबदार व्यक्ती' या रकान्यात साहेबांचं नाव लिहिलं. स्पष्ट, खाडाखोड न करता.