मुहूर्ताच्या आदल्या दिवशी

"कळा थांबवायचं इंजेक्शन असेल ना हो?" सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं. मी खाटेची कड धरून कण्हत होते.

सिझरचा मुहूर्त उद्याचा होता. गुरुजींनी काढून दिलेला, राजयोगाचा. डॉक्टरांनाही तोच सोयीचा, कारण परवा ते सिमल्याला निघणार होते. बाळाचे ठोके उत्तम, डोकं खाली; तरी नॉर्मलची वाट कशाला बघायची, यावर सासूबाई आणि डॉक्टर दोघांचं एकमत. मला नॉर्मलच हवंय, हे मी पहिल्यापासून सांगत होते. "घाबरू नकोस गं," एवढंच उत्तर मिळायचं.

"मग आत्ताच सिझर करून टाकू," डॉक्टर म्हणाले.

"छे! आज अमावस्या!" सासूबाई आडव्या आल्या.

दोघांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात सिस्टर ओरडल्या, "अहो, इकडे बघा, डोकं दिसतंय!"

मुलगी झाली. टाकासुद्धा पडला नाही.

सासूबाईंनी रडवेल्या होऊन गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. "आजचा जन्म? अरेरे," गुरुजी म्हणाले, "पोर हट्टी निघणार. कुणाचं म्हणून ऐकायची नाही."

मी तिला छातीशी घेतलं. ज्योतिषावर माझा पहिल्यांदाच विश्वास बसला.